डोंगर कोणी हलवला?

अलेहांद्रो मोंतेवर्दे या मेक्सिकन दिग्दर्शकाचा ‘लिटल बॉय’ हा चित्रपट २०१५ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा बहुतेक समीक्षकांनी त्याला झोडपले. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी मात्र ‘सिनेमास्कोर’ या पाहणीत त्याला ‘ए’ ही वरची श्रेणी दिली. कथा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या गावात घडते. वयाच्या मानाने फारच बुटक्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलाचे वडील युद्धावर जातात आणि जपान्यांच्या कैदेत सापडतात. मोहरीच्या दाण्याएवढी श्रद्धा असली तरी डोंगर हलतो, हे बायबलमधील वचन मनावर घेऊन मुलगा त्यांना परत आणण्याच्या खटपटीला लागतो. पाद्री त्याला सत्कृत्यांची एक यादी देतात, आणि गावाने तोडलेल्या एका जपानी माणसाशी मैत्री करणे हेही त्या यादीत असते. कुटुंबासह पाहण्याजोग्या अशा कथेवर लोकांचे इतके टोकाचे दुमत व्हावे, याचे ‘ज्याची त्याची आवड’ हे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे आहे. मानसशास्त्राला त्याहून नेमके काही सांगता येते.

या दुमताची मुळे चित्रपटातील एका प्रसंगात सापडतात. मुलगा समोरच्या डोंगराकडे हात रोखून, सारे बळ एकवटून ओरडतो आणि त्याच सुमारास जमीन हादरते. पडद्यावर फक्त दोन घटना लागोपाठ घडतात; त्यांच्यामधला कार्यकारणभाव दिग्दर्शक दाखवत नाही, तो प्रत्येक प्रेक्षक आपापल्या मनात जोडतो किंवा नाकारतो. लागोपाठ घडलेल्या गोष्टी जोडण्याची ही ओढ माणसापुरतीही मर्यादित नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भुकेल्या कबुतरांना ठरावीक अंतराने, ती काहीही करत असली तरी, दाणे मिळण्याची सोय केली होती. आठपैकी सहा कबुतरांना विशिष्ट हालचालींची सवय जडली: एक गोल फिरू लागले, दुसरे पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्याकडे डोके नेऊ लागले. दाणे येण्याच्या क्षणी जी हालचाल योगायोगाने चालू होती, तीच पक्की झाली, असा स्किनरने अर्थ लावला. पुढे काही संशोधकांनी या अर्थावर आक्षेपही घेतले, पण योगायोगाचा मनावरील पगडा इतर अनेक प्रयोगांतूनही दिसला आहे.

योगायोग तपासायचा असेल, तर ती घटना एरवी किती वेळा घडते हे आधी विचारावे लागते. दक्षिण कॅलिफोर्नियात वर्षाला सुमारे दहा हजार भूकंपांची नोंद होते, आणि त्यांतील बहुतेक माणसाला जाणवतही नाहीत. आपल्या खानदेशालाही हा विषय अगदीच परका नाही. तापीचे खोरे भूस्तरातील भ्रंशांच्या, म्हणजे खडकांतील मोठ्या भेगांच्या, पट्ट्यात येते आणि १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सुमारे ६.२ रिश्टर क्षमतेचा भूकंप झाला होता. मात्र भूकंप वारंवार होणाऱ्या प्रदेशात डोंगरासमोर ओरडलेल्या मुलाची वेळ कधीतरी जुळण्याची शक्यता आपल्याकडच्यापेक्षा जास्त असणार. न जुळलेल्या वेळांचा हिशेब कोणी ठेवत नाही, ही खरी अडचण आहे. लष्करात गेलेल्या मुलासाठी धुळ्याच्या एकवीरा देवीला किंवा यावल तालुक्यातील मनुदेवीला एखादी आई नवस बोलते. मुलगा सुखरूप परतला की नवस वाजतगाजत फेडला जातो आणि तो साऱ्या गावाला दिसतो. ज्यांचे नवस फळले नाहीत, त्यांच्या घरी असा कोणताच कार्यक्रम होत नाही. त्यामुळे गावाच्या आठवणीत जमा होणारा पुरावा मुळातच एका बाजूला झुकलेला असतो. त्या आईला वाट पाहण्याचे बळ नवसातून मिळते की नाही, हा प्रश्न वेगळा आहे, आणि माझ्या मते त्याचे उत्तर बहुधा होकारार्थी येईल.

चित्रपट इथेच थांबला असता, तर समीक्षक इतके संतापले नसते. पुढे हाच मुलगा जपानच्या दिशेने हात रोखू लागतो आणि ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडतो. मुलाप्रमाणेच त्या बॉम्बचे टोपणनावही ‘लिटल बॉय’ असल्याने गाव मुलाला डोक्यावर घेते. सुमारे १५ किलोटन टीएनटी या स्फोटकाएवढ्या त्या स्फोटाने वर्षअखेरपर्यंत अंदाजे १ लाख ४० हजार माणसे दगावली. एका मुलाची प्रार्थना आणि हा संहार शेजारी ठेवणे अनेकांना असह्य झाले. मुलाला त्या विध्वंसाची जाणीव होते, असेही चित्रपट दाखवतो. पण ती जाणीव कुणाला पुरेशी वाटली, कुणाला तोंडदेखली. हाच प्रसंग भुसावळच्या एखाद्या चित्रपटगृहात दाखवला, तर एकाच रांगेत वरणगावच्या आयुधनिर्माणीतला कामगार, सीमेवरच्या जवानाची बायको आणि इतिहासाचा विद्यार्थी बसलेले असू शकतात. जवानाच्या बायकोच्या मनात युद्ध संपल्याचा सुस्कारा आधी उमटेल, विद्यार्थ्याच्या मनात मृतांचा आकडा, आणि दारूगोळ्याशी रोजचा संबंध असलेल्या कामगाराला तिसरेच काही दिसेल.

यावर कोणी म्हणेल की सर्वांनी पाहिले तेच, फक्त मत निराळे दिले. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांचा १९५४ चा अभ्यास या समजुतीला छेद देतो. १९५१ साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या शिक्षणसंस्थांमध्ये अमेरिकन फुटबॉलचा अतिशय धसमुसळा सामना झाला होता. त्याचे चित्रीकरण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले, तेव्हा प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या खेळाडूंचे सरासरी ९.८ नियमभंग दिसले, डार्टमथच्या विद्यार्थ्यांना ४.३. काम निव्वळ मोजण्याचे होते आणि मोजणीतच दुपटीहून अधिक फरक पडला.

मेंदूच्या प्रतिमांतूनही असाच भेद दिसला आहे. उरी हॅसन यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की, एकच चित्रपट पाहणाऱ्या निरनिराळ्या माणसांच्या मेंदूच्या बाह्यकाच्या, म्हणजे बाहेरच्या थराच्या, बऱ्याच मोठ्या भागात हालचाल एकाच लयीत होते. २०१७ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वांना एकच गोष्ट ऐकवली, पण आधी एका गटाला सांगितले की नायकाची पत्नी खरोखरच त्याला फसवते आहे, आणि दुसऱ्याला सांगितले की नायक उगीच संशय घेतो आहे. मेंदूच्या उच्च पातळीवरील भागांत, विशेषतः अर्थ लावण्याशी संबंधित जाळ्यात, एका गटातील माणसे एकमेकांशी जुळली आणि दुसऱ्या गटापासून वेगळी पडली. कोणता अर्थ योग्य, हे अशा प्रतिमांवरून ठरत नाही, एवढे भान मात्र ठेवायला हवे. त्या प्रयोगात पूर्वग्रह एका वाक्याने तयार केला होता; चर्चमध्ये वाढलेला प्रेक्षक आणि व्यवसायाने समीक्षक असलेला प्रेक्षक हे दोघे तो वर्षानुवर्षे घडवून आलेले असतात.

राहिला श्रेणीचा प्रश्न. सिनेमास्कोरची पाहणी प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री होते, म्हणजे जे आपणहून, आवडेल या अपेक्षेने तिकीट काढतात त्यांनाच ती विचारते. श्रद्धेवरच्या चित्रपटाला पहिल्या रात्री बहुतांशी श्रद्धावानच जातात. समीक्षकाला मात्र आवडनिवड बाजूला ठेवून येईल तो चित्रपट पाहावा लागतो. हे दोन कौल दोन वेगळ्या समूहांचे असल्यामुळे त्यांची तुलना करून कोण चुकले हे ठरवता येत नाही. दोन्हींची सरासरी काढणे तर त्याहून फसवे आहे. पाच जणांनी नऊ गुण दिले आणि पाच जणांनी तीन, तर सरासरी सहा येते, आणि सहा गुण देणारा प्रेक्षक त्या दहांत एकही नसतो.