फुगा फुटला नव्हता, तरी पाणी आत कसं आलं?

रिमोटवर चालणारी माझी पहिली बोट वेगात वळताना कलंडली, उलटी झाली आणि काही मिनिटं तशीच तरंगत राहिली. मी काठावर बराचसा निश्चिंत होतो. रिमोटचा संदेश पकडणारा रिसीव्हर रबरी फुग्यात घातला होता आणि फुग्याचं तोंड वायरींभोवती दोऱ्याने करकचून बांधलं होतं. या छंदातला हा जुनाच उपाय. बोट ओढून आणली, पोटातलं पाणी ओतून टाकलं, चालवून पाहिली, सगळं ठीक. पुढच्या आठवड्यात मात्र सुकाणू आपोआप थरथरायला लागलं. फुगा कापला तर रिसीव्हरवर बारीक दव जमलेलं आणि दोन पिनांच्या मधे हिरवट शेवाळासारखं काहीतरी उगवलेलं. फुग्याला एकही भोक नव्हतं.

हे दव आणि ते हिरवं, दोन्ही समजून घेतलं की बोटीतलं इलेक्ट्रॉनिक्स कसं वाचवायचं हे बरंचसं कळतं.

आधी हिरव्याकडे बघू. पाणी लागलं की शॉर्ट होतं आणि वस्तू जळते, अशी आपली सरधोपट समजूत असते. पण अतिशुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. २५ अंश सेल्सियसला त्याची विद्युतवाहकता दर सेंटीमीटरला ०.०५५ मायक्रोसीमेन्सच्या आसपास असते. नळाच्या पाण्याची बहुधा काहीशे असते, समुद्राच्या पाण्याची सुमारे ५०,०००. म्हणजे शुद्ध पाणी आणि समुद्र यांच्यात जवळपास नऊ लाख पटींचा फरक. हा सगळा खेळ पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा. तळ्याच्या गोड्या पाण्याचा एक थेंब रिसीव्हरच्या दोन पिनांमधे बसला, तर त्यातून जाणारा प्रवाह साधारणपणे एका मिलिअँपिअरपेक्षाही कमी भरेल. तेवढ्याने काही जळत नाही. म्हणून माझी बोट त्या दिवशी व्यवस्थित चालली.

खरं नुकसान पुढे होतं, तेही सावकाश. पाण्याचं विद्युत-अपघटन व्हायला किमान १.२३ व्होल्ट लागतात आणि रिसीव्हरला तर ५ ते ६ व्होल्ट मिळत असतात. धन टोकाचं तांबं आयन होऊन थेंबात उतरतं, ऋण टोकाकडे ओढलं जातं आणि तिथे पुन्हा धातू होऊन बसतं. ते सपाट थरात बसत नाही, त्याला फांद्या फुटतात. हे घरी बघता येतं. तांब्याच्या दोन बारीक तारांची टोकं काचपट्टीवर अर्धा मिलिमीटर अंतरावर चिकटवा, वर डिस्टिल्ड पाण्याचा थेंब ठेवा आणि तीन साध्या सेलची बॅटरी जोडून भिंगातून बघा. काही मिनिटांत ऋण तारेपासून नेच्याच्या पानासारखी नक्षी निघते आणि धन तारेच्या दिशेने सरकत जाते. ती पलीकडे टेकली की मग खराखुरा शॉर्ट. गंमत म्हणजे ही झाडं स्वच्छ पाण्यात जास्त देखणी वाढतात. क्षार जास्त असले तर बुडबुडे आणि गाळच जास्त होतो. पिनांमधला माझा तो हिरवट थर अशाच गाळाचा, तांब्याच्या संयुगांचा होता.

या सगळ्याला पाणी, क्षार किंवा धातू, व्होल्टेज आणि वेळ हे चारही लागतात. काठावर उभ्याउभ्या आपल्या हातात असतं ते फक्त व्होल्टेज. बोट बाहेर आली की पहिलं काम बॅटरी काढणं. ‘चालतेय का बघू जरा’ म्हणून बटण दाबणं हा सगळ्यांचा आवडता गुन्हा आहे. मीही तोच केला होता.

आता दव. ते आत आलं कुठून?

पहिला संशयित वायर. वायरवरचं प्लास्टिक जलरोधक असतं, म्हणून आपण प्लास्टिकभोवती दोरा आवळतो, सिलिकॉन लावतो. पण आत केसासारख्या बारीक तारांची जुडी असते आणि तारांच्या मधल्या फटी म्हणजे उत्तम केशनलिका. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच पाणी या जुडीतून चढतं. वायरचं दुसरं टोक, उदाहरणार्थ सुकाणू वळवणाऱ्या छोट्या मोटरजवळचा, म्हणजे सर्व्होजवळचा कनेक्टर, पाण्यात बुडला की पाणी प्लास्टिकच्या आतून चालत थेट फुग्यात पोचतं. बाहेरून कितीही सील लावा, ही वाट उघडीच राहते. उपाय असा, की फुग्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्स बंद डब्यात ठेवलं, तर डब्यात शिरण्याच्या जागी वायर अर्धा सेंटीमीटर सोलायची, उघड्या तारांमधे कथील भरून ती जुडी घट्ट करायची आणि त्यावर इपॉक्सी ओतायची. काम किचकट आहे, पण हा एक बांध बाकीच्या चार उपायांपेक्षा जास्त उपयोगी पडतो असं माझं मत आहे. याशिवाय वायरला डब्याच्या खाली झोका द्यावा. म्हणजे बाहेरून ओघळणारा थेंब झोक्याच्या तळाशी टपकतो, डब्याकडे वळत नाही.

दुसरा संशयित म्हणजे आपणच आत कोंडलेली हवा. ३० अंशांच्या दमट हवेत घनमीटरला जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना फक्त १७ ग्रॅमच्या आसपास. अशा हवेत झाकण लावलेला एक लिटरचा डबा २० अंशांच्या पाण्यात गेला, की साधारण १३ मिलिग्रॅम पाणी आत बसतं. ड्रॉपरच्या थेंबाचा जेमतेम चौथा हिस्सा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते दव बनून पसरतं, आणि चिपचे पाय जिथे अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने उभे असतात तिथे एवढं पुरतं. सिलिका जेलची पुडी याच कामाची. ती ओली झाली की बदलायची किंवा गरम करून पुन्हा वाळवायची, आणि हेच नेमकं विसरलं जातं.

पक्का डबा आणखी एक खोड करतो. आत मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर असेल तर हवा सहज ५० अंशांपर्यंत तापते. तापताना ती फुगते आणि सीलमधून थोडी बाहेर निसटते. मग बोट थांबते, डबा २० अंशांना येतो आणि आतला दाब सुमारे ९ टक्क्यांनी पडतो. ही ओढ जवळपास ९५ सेंटीमीटर उंच पाण्याच्या दाबाएवढी असते. आयपीएक्स७ या जलरोधकतेच्या मानांकनाची चाचणी म्हणजे एक मीटर खोलीवर ३० मिनिटं. तळ्यात न बुडता, नुसतं गार होऊनही डब्याला जवळजवळ तेवढीच परीक्षा द्यावी लागते, तीही प्रत्येक फेरीला. शिवाय ती चाचणी स्थिर गोड्या पाण्यातली असते, उसळणाऱ्या फवाऱ्याची किंवा खाऱ्या पाण्याची नाही. म्हणून कंट्रोलरवर ‘वॉटरप्रूफ’ छापलेलं वाचलं की मी अर्धंच धरतो.

एवढं झाल्यावर मी डब्यावर विसंबणं सोडलं. पाणी येणारच असं गृहीत धरलं आणि सर्किटलाच कपडे घातले. यासाठी अॅक्रिलिक, सिलिकॉन किंवा युरेथेनचं कोटिंग मिळतं. अॅक्रिलिकचा थर ३० ते १३० मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाच्या जाडीच्या आसपास. आधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ धुवायचा, कारण बोटांचा घाम आणि सोल्डरिंगचा फ्लक्स (जोड नीट बसावा म्हणून लावलेला चिकट पदार्थ) कोटिंगखाली अडकला तर ओलावा तिथेच जाऊन बसतो. पिना, बटणं आणि हीटसिंक टाळायचे. बऱ्याच कोटिंगांत अतिनील प्रकाशात चमकणारा रंग असतो. अंधारात जांभळा दिवा धरला की सुटलेली जागा काळी दिसते. मला दर वेळी एखादी सापडतेच, आणि ती बहुतेक वेळा चिपच्या पायांच्या मागच्या बाजूला असते.

सिलिकॉन सीलंटबद्दल एक इशारा. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तो सर्किटजवळ नेऊ नका. सुकताना त्यातून अॅसिटिक अॅसिड निघतं आणि तांबं खातं. ‘न्यूट्रल’ प्रकारचा सीलंट घ्यावा. गरम गोंदही मला आवडत नाही. तो बोर्डवरून नकळत सुटतो आणि त्या फटीत पाणी निवांत मुक्काम करतं.

मोटरची चिंता मात्र कमी करा. ब्रशलेस मोटरच्या तारांवर एनॅमल असतं, ती पाण्यातही फिरते. तिचा शत्रू बेअरिंगचा गंज, आणि तो तेलाने आवरतो. सर्व्होच्या दांड्याला ओ-रिंग आणि ग्रीस, आवरणाच्या सांध्याला थोडा सीलंट, एवढं बहुतेक वेळा पुरतं. बोटीच्या पोटात पाणी येतं ते मुख्यतः प्रोपेलरच्या शाफ्टच्या नळीतून, म्हणून ती नळी ग्रीसने भरलेली हवी. पाण्याने थंड होणाऱ्या कंट्रोलरची रबरी नळी निसटली, तर बोट स्वतःच पंप लावून स्वतःला भरते. या गोष्टीवर हसू येतं, पण नंतर.

अँटेनाचा प्रश्न वेगळा आहे. संशोधक निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी बोट लोकांसमोर चालवून दाखवली, तेव्हा लोक चकित झाले होते. आज आपण २.४ गिगाहर्ट्झ वापरतो. त्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर, म्हणून रिसीव्हरच्या अँटेनाचं उघडं टोक तिच्या चौथ्या हिश्शाचं, सुमारे ३१ मिलिमीटर. ही लहर पाण्यात काही सेंटीमीटरमध्येच विरते. तेव्हा ते टोक बंद तोंडाच्या प्लास्टिक नळीत घालून पाण्याच्या पातळीच्या वर उभं ठेवावं. नळी हवी, कारण टोकाला नुसता पाण्याचा थर चिकटला तरी अँटेनाचं ट्यूनिंग बिघडतं.

आणि सगळं करूनही बोट बुडालीच तर? बॅटरी काढल्यावर, पाणी खारं असेल तर इलेक्ट्रॉनिक्स गोड्या पाण्याने धुवावं लागतं, जमल्यास शेवटी डिस्टिल्ड पाण्याने. ओल्या वस्तूवर अजून पाणी ओतायला हात धजावत नाही, पण मीठ वाळून तिथेच राहतं आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा शोषून पुन्हा खारं पाणी बनतं. धुतल्यावर अल्कोहोल, मग पंख्याचा वारा, एक-दोन दिवस. तांदळात पुरण्याचा फायदा नाही. नुसत्या वाऱ्यात वस्तू जास्त चांगली वाळते आणि तांदळाचं पीठ कनेक्टरमध्ये जात नाही. लिथियम पॉलिमर बॅटरी मात्र या धुण्यावाळवण्यात घेऊ नका. खाऱ्या पाण्यात बुडालेली बॅटरी घराबाहेर, जळण्यासारखं काही आसपास नसेल अशा मोकळ्या जागी ठेवावी. आतला बिघाड कित्येक तासांनंतरही पेट घेऊ शकतो. फुगलेली दिसली तर ती पुन्हा चार्जरला लावू नये.