नळाला पाणी आहे पण जोर नाही

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो, बिल्डिंग जुनी, तळ अधिक चार मजली आणि आमचं घर चौथ्या मजल्यावर म्हणजे अगदी गच्चीखाली. सकाळी सात ते नऊ शॉवरमधून पाणी पडत नाही, गळतं. बादली लावली तर १५ लिटरला ३ मिनिटं २० सेकंद, हे मी मोबाईलवर वेळ लावून मोजलंय. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या मावसभावाचा फोन आला. तो रिटायर झाल्यावर गाडीच्या मागे जोडायचा ट्रेलर घेऊन फिरतो, आत किचन बाथरूम सगळं, कॅम्पग्राउंडला मुक्काम करायचा आणि तिथल्या नळाच्या खांबाला होज लावून ट्रेलरला पाणी घ्यायचं. तो म्हणाला, "दादा, इकडे प्रेशरच नाहीये रे, सकाळी २० पीएसआय दाखवतंय, शॉवर नीट येत नाही."

पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंडांचा दाब. मी २० पीएसआय म्हणजे किती ते काढलं आणि दोन मिनिटं गप्पच बसलो.

पाण्याचा दाब मोजायची सगळ्यात साधी पट्टी म्हणजे उंची. आपले प्लंबर "एक किलो प्रेशर", "दोन किलो प्रेशर" म्हणतात ना, तो एक किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर एक किलोचा भार, आणि तो पडतो साधारण १० मीटर म्हणजे ३३ फूट उंच पाण्याच्या उभ्या खांबामुळे. २० पीएसआय म्हणजे १.४ किलो, म्हणजे ४६ फुटांचा खांब. आता आमचं बघा. शॉवर जमिनीपासून ७ फुटांवर, वरचा स्लॅब साडेनऊ फुटांवर, गच्चीवर टाकी ३ फुटांच्या ओट्यावर आणि टाकी भरलेली असेल तर आत ४ फूट पाणी. अडीच अधिक तीन अधिक चार, साडेनऊ फूट. ०.२९ किलो. म्हणजे त्याचं जे "कमी प्रेशर" आहे ते आमच्या भरलेल्या टाकीच्या प्रेशरच्या जवळजवळ पाचपट आहे! आमच्याच लाईनवर पहिल्या मजल्यावरच्या काकूंना तीन मजल्यांची उंची जास्त मिळते, त्यांचा हिशोब ३८ फुटांवर जातो, म्हणून त्या म्हणतात आम्हाला तर काही प्रॉब्लेम नाही आणि त्या खरंच बोलतात.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये दरवेळी एक सूचना येते की टाकी मोठी करू, पाणी जास्त असलं की दाब जास्त येईल. तसं होत नाही हो. सायमन स्टेविन नावाच्या इंजिनिअरने १५८६ साली हे लिहून ठेवलंय की तळावरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, भांड्याचा आकार काय, पाणी किती, याचा संबंध नाही. ५०० लिटरची टाकी आणि १०,००० लिटरची टाकी, पाण्याची पातळी सारखी असेल तर नळाला दाब सारखाच. मोठ्या टाकीने पाणी जास्त वेळ पुरेल, जोर वाढणार नाही.

मग मुळात हे टाकीचं लफडं कशाला, थेट लाईनचंच पाणी वर का चढत नाही? कारण रस्त्यातल्या पाईपला तेवढा दाब ठेवलेलाच नसतो. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या मॅन्युअलमध्ये इमारतीच्या जोडणीपाशी किमान किती दाब असावा ते दिलं होतं, एकमजली घराला ७ मीटर, दुमजलीला १२, तीनमजलीला १७. त्यापेक्षा उंच बिल्डिंगने आपली सोय आपण करायची, खालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी. ठाण्याच्या मुख्य लाईनला भातसा नदीच्या पाण्यापासून उल्हासच्या पाण्यापर्यंत सगळं लांबून येतं आणि त्यातही येऊरच्या डोंगराच्या पायथ्याकडच्या वस्त्या चढावर, त्यामुळे सगळीकडे दाब एकसारखा मिळेल अशी अपेक्षाच चुकीची आहे. पण म्हणून कोणी थेट रस्त्याच्या लाईनला मोटर लावू नका, कळकळीने सांगतो. ते बेकायदा आहेच पण त्यातली भीती वेगळी आहे, मोटर ओढायला लागली की पाईपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि मग जिथे जॉइंट लीक आहे तिथून पाणी बाहेर न येता बाहेरचं घाण पाणी आत शिरतं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या लहान मुलांच्या पोटात जातं ते.

आता मुद्द्याची गोष्ट. दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ त्या एक समजण्यात आहे. नळ बंद असताना पाईपमध्ये पाणी थांबलेलं असतं, तेव्हा जो दाब असतो तो निव्वळ उंचीचा. नळ उघडला की पाणी धावतं, पाईपच्या भिंतीशी घासतं, एल्बोमध्ये वळतं, व्हॉल्व्हमध्ये अडतं, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा दाब खर्च होतो, नळाच्या तोंडाशी उरतो तो शिल्लक दाब. म्हणून तक्रार आली की आधी विचारायचं, मुळात दाब कमी आहे की वाटेत खर्च होतोय?

हे मोजायला प्रेशर गेज मिळतो पण आमच्यासारख्या पाव किलोच्या घरात त्याचा काटा हलतोय की नाही तेच कळत नाही. म्हणून मी स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याकडून गवंडी वापरतात ती लेव्हलची पारदर्शक नळी आणली, २५ फूट. एक टोक बेसिनच्या नळाला क्लिपने घट्ट बसवलं आणि दुसरं टोक बाथरूमच्या खिडकीतून बाहेर काढून मुलाने गच्चीवर ओढून घेतलं आणि बांबूला बांधून टाकीशेजारी उभं धरलं. मी खाली नळ उघडला. नळीतलं पाणी सरसर वर चढत गेलं आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीला येऊन थांबलं, मुलगा वरून ओरडला, "बाबा, एकदम सेम लेव्हल!" म्हणजे बंद अवस्थेतला दाब पूर्ण मिळत होता, त्यात काही गडबड नव्हती. मग मी शॉवर पूर्ण सोडला आणि तो म्हणाला पाणी खाली गेलं, दिसतच नाही. ते कठड्याच्याही खाली, थेट आमच्या खिडकीच्या वरच्या चौकटीपाशी येऊन थांबलं होतं. ७ फूट पडलं. साडेनऊ फुटांपैकी ७ फूट टाकीपासून बाथरूमपर्यंतच्या वाटेतच संपत होते, शॉवरला उरत होते अडीच.

मग प्लंबरला घेऊन गच्चीवर गेलो आणि आमच्या लाईनचा चाकाचा व्हॉल्व्ह उघडला. बाहेरून चाक फिरत होतं, पूर्ण उघडा वाटत होता, पण आतली पितळी चकती दांड्यातून निसटून अर्ध्यात लटकली होती आणि तिच्यामागे गंजाचा लालसर चिखल साठला होता. किती वर्षं तसंच चाललं असेल कोण जाणे. तिथे बॉल व्हॉल्व्ह बसवला, जो उघडला की आतलं भोक पाईपएवढंच राहतं. परत नळी लावली, शॉवर सोडला, पातळी आता दीड फूटच खाली आली. बादली १ मिनिट ५० सेकंदात. टाकी तीच, उंची तीच, पंप कुठलाही नाही.

पाईपच्या जाडीबद्दल एक आकडा सांगतो तो लक्षात ठेवाच. तेवढंच पाणी न्यायचं असेल तर घर्षणात जाणारा दाब पाईपच्या आतल्या व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताने बदलतो. व्यास निम्मा केला तर नुकसान दुप्पट नाही, ३२ पट. अर्ध्या इंचाच्या जागी पाऊण इंच टाकला तर तेच नुकसान साधारण साडेसात पटीने कमी होतं. याउलट आमच्याकडे टाकीचा ओटा ३ फूट अजून उंच केला तर साडेनऊचे साडेबारा फूट होतील आणि पाणी वाढेल फक्त १५ टक्के, कारण प्रवाह उंचीच्या वर्गमुळाने वाढतो. १०,००० लिटर पाणी म्हणजे १० टन वजन, ते जुन्या स्लॅबवर अजून उंच चढवायच्या आधी आत गंजून बारीक झालेला लोखंडी पाईप बदलावा असं माझं ठाम मत आहे.

हेच सगळं मी मावसभावाला सांगितलं, फक्त त्याच्याकडे गेज चालतो कारण दाब मोठा आहे. त्याने खांबालाच गेज लावून रात्री अकराला वाचलं, ४५. सकाळी आठला २०, कारण तेव्हा सगळे ट्रेलर एकदम अंघोळीला. हे कॅम्पग्राउंडच्या लाईनचं झालं, त्यावर त्याचा इलाज नाही. मग ट्रेलरच्या तोंडाशी गेज लावून आतला शॉवर सोडला तर २० चे ८ झाले, हे मात्र त्याच्या घरचं. होज अर्ध्या इंचाची आणि लांबलचक, मध्ये दाब मर्यादेत ठेवणारा स्वस्तातला पितळी रेग्युलेटर ज्याचं आतलं भोक बारीक, पुढे फिल्टरचं काडतूस भरलेलं आणि ट्रेलरच्या जोडणीतल्या जाळीत वाळू. जाळी धुतली, काडतूस बदललं, पाच-अष्टमांश इंचाची आखूड होज घेतली, त्या एका सूत जास्त जाडीने नुकसान तिसऱ्या हिश्शावर येतं. रेग्युलेटर काढून टाकू का म्हणाला, मी म्हटलं अजिबात नको, रात्री सगळे झोपले की लाईनचा दाब चढतो आणि ट्रेलरचे आतले जॉइंट नाजूक असतात, त्यापेक्षा मोठ्या भोकाचा, सेट करता येणारा घे.

आणि सकाळच्या २० चं काय, तर ट्रेलरच्या पोटात स्वतःची टाकी असते आणि १२ व्होल्टचा छोटा पंप, तो ४५ ते ५५ पीएसआयपर्यंत दाब देतो. रात्री लाईन जोरात असताना टाकी भरून ठेवायची आणि सकाळी लाईन बंद करून पंपावर अंघोळ करायची, मग खांबाला २० असो की ५, शॉवरला फरक पडत नाही. म्हणजे आपल्या बिल्डिंगची खालची टाकी आणि पंप, चाकांवर. आमची आजी चाळीत पहाटे पाणी आलं की पिंप भरून ठेवायची, तेच.

उलटा प्रॉब्लेमही असतो बरं का. घोडबंदर रोडच्या तीस मजली टॉवरमध्ये गच्चीवरून सरळ पाईप खाली आणला तर तळाला ९ किलोच्या आसपास दाब येईल, नळाचे वॉशर टिकणार नाहीत, म्हणून तिथे मध्ये मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह टाकतात आणि वरच्या मजल्यांना मात्र वेगळा बूस्टर पंप लागतो. एकाच बिल्डिंगमध्ये दोन्ही.

आमच्याकडे गॅस गिझर सकाळी पेटायचा नाही, त्याचंही उत्तर यातच निघालं. त्यात रबरी पडदा असतो, पाणी पुरेशा वेगाने गेलं तरच पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि तो पिन ढकलून स्विच लावतो. व्हॉल्व्ह बदलल्यापासून पहिल्या झटक्यात पेटतो. टाकी तळाला गेली की अजूनही बादलीला अडीच मिनिटांच्या आसपास लागतात कारण तेव्हा साडेनऊचे साडेपाच फूटच उरलेले असतात. दिवाळीनंतर बाथरूमच्या टाइल्स काढायच्यात, तेव्हा आतला अर्ध्या इंचाचा पाईप काढून पाऊण इंच टाकून घेणार आहे, नळी जपून ठेवलीय, परत मोजायची आहे.