शॉकअपची रिंग आणि सातपुड्याची वाट

चोपडा-यावलकडच्या कुठल्याही गावात जुन्या मोटारसायकलीच्या मागच्या चाकापाशी वाकून बघा. शॉकअपच्या तळाला खाचांची एक रिंग असते. बहुतेक गाड्यांवर ती सगळ्यात वरच्या खाचेवर, काळ्या मातीत थिजलेली सापडते. कधीतरी केळीचे घड किंवा दुधाच्या किटल्या लादायच्या होत्या म्हणून मिस्त्रीनं हुकपान्यानं ती वर चढवली, ती कायमचीच. पुढे त्याच गाडीवर माणूस एकटा सातपुड्यातल्या पाड्याकडे जातो, कंबर धरून परत येतो आणि म्हणतो, 'शॉकअप गेले.'

शॉकअप गेलेले नसतात. ही रिंग मुळात खड्ड्यांसाठी नव्हेच, वजनासाठी आहे.

सुरुवातीच्या मोटारसायकलींना मागच्या चाकाला स्प्रिंगच नसे. सीटखालच्या दोन स्प्रिंगांवर सगळी भिस्त. 1935 मध्ये बीएमडब्ल्यूनं तेलाचा दुर्बिणीसारखा सरकणारा पुढचा चिमटा कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांवर आणला. 1949 च्या बुलेटला मागे स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरून वरखाली हलणारा दांडा, आणि दोन शॉकअप आले, आणि 1955 पासून ती मद्रासला बनू लागली. स्प्लेंडरसारख्या गाड्यांनी खाचांची रिंग गावोगाव पोचवली. आपल्याकडे गाडी म्हणजे डबलसीट आणि वर ओझं, त्यामुळे रिंग वर चढवायची एवढंच सगळे शिकले. खाली आणायचं कुणी सांगितलंच नाही.

खडकाळ वाटेसाठीचा विचार आला तो मोटोक्रॉसच्या, म्हणजे खडबडीत मातीच्या मार्गावरच्या मोटारसायकल शर्यतींतून. लुसिएन टिलकेन्स या बेल्जियन अभियंत्याची एकाच शॉकअपची रचना यामाहानं घेतली आणि 1973 मध्ये हाकान अँडरसननं त्यावर 250 सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. तिथून चाकाची वरखाली होण्याची जागा वाढत गेली. आपल्याकडे रॉयल एनफील्डच्या 2016 च्या हिमालयनला ती पुढे 200 आणि मागे 180 मिलिमीटर मिळाली, तर हिरोच्या 2019 च्या एक्सपल्सला 190 आणि 170. 2023 च्या एक्सपल्स प्रोमध्ये स्प्रिंग दबण्याचा आणि उसळण्याचा वेगही वेगवेगळा लावता येऊ लागला.

हे कळलं की रिंगचा गोंधळ सुटतो. रिंग आवळल्यानं स्प्रिंग जास्त ताठ होत नाही. ती आधीच थोडी दाबून ठेवली जाते आणि गाडी मागून उचलते. तुमच्या वजनानं शॉकअप एकूण चालीच्या, म्हणजे वरखाली होण्याच्या जागेच्या, साधारण तिसरा हिस्सा दबायला हवा, कारण चाकाला खड्ड्यात उतरायलाही जागा लागते. पावसाळ्यात पडलेल्या बैलगाडीच्या चाकोऱ्या दिवाळीनंतर विटेसारख्या वाळतात. अशा वाटेवर आवळलेल्या रिंगची गाडी चाकोरीत उतरत नाही, तिच्यावरून उडते आणि दणका थेट मणक्यात बसतो. उसळण्याचा वेग लावता येणाऱ्या गाडीत तो फार मंद ठेवला तरी वाईटच: लागोपाठच्या खड्ड्यांत शॉकअपला परत वर यायला वेळ मिळत नाही, तो दबतच जातो आणि शेवटी दगडासारखा होतो.

मी स्वतः माझ्या गाडीची रिंग पाचव्या खाचेवरून दुसरीवर आणली, तेव्हा आधी डिझेल आणि जुन्या टूथब्रशनं अर्धा तास माती काढावी लागली. थिजलेल्या रिंगवर पाना लावून जोर केला, तर पाना निसटून खाचाच बोथट होतात. दोन्ही बाजूंच्या खाचा मोजून सारख्या ठेवा. पुन्हा केळी लादायची असली, की रिंग वर.