आतड्यापासून त्वचेपर्यंतच्या वाटा

कोपरांवर, गुडघ्यांवर आणि नितंबांवर बारीक पाणीदार फोडांचे पुंजके उठतात, त्यांना असह्य खाज सुटते आणि फोड नीट दिसू लागण्याआधीच रुग्णाने ते खाजवून फोडलेले असतात. या आजाराचे वर्णन फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ लुई डुहरिंग यांनी १८८४ मध्ये केले आणि त्याला ‘डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस’ असे नाव दिले. पुढची ऐंशी वर्षे तो त्वचेचाच रोग मानला गेला. दरम्यान, १९५० च्या सुमारास विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिले होते की सीलिअ‍ॅक या आतड्याच्या रोगाचे मूळ गव्हात आहे, परंतु या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे कोणाला वाटले नव्हते. अखेर १९६६ मध्ये मार्क्स, शुस्टर आणि वॉटसन या ब्रिटिश डॉक्टरांनी या त्वचारोगाच्या रुग्णांच्या लहान आतड्याचे अस्तर तपासले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांमध्ये सीलिअ‍ॅक रोगात होते तशीच हानी झालेली आढळली. यातल्या पुष्कळ रुग्णांना पोटाची म्हणावी अशी तक्रारच नसते. आतडे मुकाट्याने सोसत राहते आणि बोलते ती त्वचा.

या आजाराची साखळी आज जवळजवळ पूर्ण उलगडलेली आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन नावाच्या प्रथिनावर आतड्यातील ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर क्रिया करते. जनुकीय प्रवृत्ती असलेल्या माणसाची प्रतिकारयंत्रणा त्यातून तयार होणाऱ्या तुकड्यांवर आणि पुढे त्या विकरावरच प्रतिपिंडे बनवू लागते. त्वचेतही याच कुळातले एक विकर असते. त्याला चिकटणारी आयजीए प्रकारची प्रतिपिंडे त्वचेच्या वरच्या थराखाली साचतात, त्यांच्यामागोमाग पांढऱ्या रक्तपेशी तेथे गोळा होतात आणि फोड येतात. ग्लूटेन पूर्ण बंद केले की हे थांबते, पण लगेच नाही, कारण त्वचेत साचलेली प्रतिपिंडे निघून जायला बरेच महिने, कधी वर्षेही लागतात. तोवर डॅप्सोन या औषधाने खाज काही दिवसांत आटोक्यात ठेवता येते.

पोट बिघडले की ते चेहऱ्यावर दिसते, हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेले असते. त्यात तथ्य आहे असे मीही मानतो, परंतु प्रत्येक त्वचारोगाच्या बाबतीत ‘कोणत्या वाटेने?’ हा प्रश्न विचारल्याखेरीज ते वाक्य निरुपयोगी ठरते. आतड्यापासून त्वचेपर्यंत जाणारी वाट एक नाही. त्या अनेक आहेत, एकमेकींहून अगदी वेगळ्या आहेत आणि एका रोगात लागू पडलेले पथ्य दुसऱ्या रोगात केवळ उपासमार घडवू शकते.

प्रथम आतड्याची भिंत कशी असते ते पाहू. अन्न आणि रक्त यांच्यामध्ये पेशींचा एकच थर असतो आणि तो दर तीन ते पाच दिवसांनी नव्याने बनतो. पेशी एकमेकींना प्रथिनांच्या घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. मोठ्या आतड्यात या थरावर बुळबुळीत श्लेष्माचे दुहेरी आवरण असते आणि त्यातील आतला पदर जवळजवळ जीवाणूमुक्त राहतो. त्यापलीकडे जीवाणूंची प्रचंड वस्ती असते. २०१६ च्या एका काटेकोर अंदाजानुसार आपल्या शरीरातील जीवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींहून थोडी अधिक आहे. आपल्याला न पचणाऱ्या तंतुमय पदार्थांवर हे जीवाणू जगतात आणि ते आंबवताना अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी लहान साखळीची मेदाम्ले तयार करतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन आहे. शिवाय ते दाहाला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींची संख्या वाढवते, हे २०१३ मध्ये उंदरांवरील स्वतंत्र प्रयोगांत दिसून आले. तंतुमय आहार तोडला की काय होते हेही उंदरांमध्ये पाहिले गेले आहे: उपाशी जीवाणू श्लेष्माचे आवरणच खाऊ लागतात, ते पातळ होते आणि रोगजंतूंना अस्तरापर्यंत पोहोचणे सोपे जाते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २०२२ मध्ये आणखी एक दुवा जोडला. आतड्यात तयार झालेले ब्युटिरेट उंदरांच्या त्वचेपर्यंत पोहोचते आणि त्वचेच्या पेशींना आपला बाह्य तट नीट बांधायला मदत करते, असे त्यांना आढळले. हा शोध मला फार महत्त्वाचा वाटतो, पण तो उंदरांमधला आहे हे विसरता कामा नये.

आतडे आणि त्वचा यांचा संबंध सांगणारी कल्पना तशी जुनी आहे. जॉन स्टोक्स आणि डोनाल्ड पिल्सबरी या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९३० मध्येच असे मांडले होते की चिंता आणि नैराश्य यांमुळे आतड्यातील जीवाणूंचे संतुलन बदलते, आतड्याची भिंत अधिक पारगम्य होते आणि त्याचा परिणाम त्वचेवर दाहाच्या रूपाने उमटतो. उपाय म्हणून त्यांनी लॅक्टोबॅसिलस जीवाणूंचे विरजण सुचवले होते. तेव्हा पुराव्याची साधने नव्हती. काही पुरावा पुढे अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. १९६० आणि १९७० च्या दशकांत स्थूलतेवर उपाय म्हणून लहान आतड्याचा मोठा भाग वळसा घालून वगळण्याची शस्त्रक्रिया केली जात असे. वगळलेल्या त्या आंधळ्या भागात जीवाणू बेसुमार वाढत आणि काही रुग्णांना ताप, सांधेदुखी आणि हातांवर व धडावर पू भरलेले फोड येत. प्रतिजैविके दिली किंवा आतडे पुन्हा पूर्ववत जोडले की त्वचा निवळत असे. आतड्यातील जीवाणू दूरच्या त्वचेत दाह निर्माण करू शकतात, याचा माणसांमधला याहून थेट दाखला सहसा सापडत नाही.

म्हणून काय प्रत्येक पुरळामागे ‘गळके आतडे’ आहे असे म्हणायचे? आतड्याची पारगम्यता वाढणे ही मोजता येणारी, खरी घटना आहे. सीलिअ‍ॅक आणि क्रोन्स (आतड्याचा जुनाट दाह) या रोगांत ती स्पष्ट दिसते. परंतु कोणत्याही त्वचाविकारावर चिकटवता येईल असे सरसकट निदान म्हणून त्या शब्दाला आज वैद्यकात मान्यता नाही. जो शब्द सगळेच समजावून सांगतो, तो रुग्णाच्या हाती काहीच देत नाही.

मुरुमांच्या बाबतीत तर मुख्य वाट जीवाणूंची नाहीच. ती संप्रेरकांची आहे. पिठूळ, गोड आणि झटपट पचणाऱ्या पदार्थांनी रक्तातील साखर वेगाने चढते, तिच्यामागोमाग इन्सुलिन चढते आणि इन्सुलिनसदृश वाढघटक, म्हणजे आयजीएफ-१, अधिक क्रियाशील होतो. हे दोन्ही त्वचेतील तेलग्रंथींना अधिक तेल बनवायला लावतात, पुरुषसंप्रेरकांचा प्रभाव वाढवतात आणि केसाच्या छिद्राच्या तोंडाशी पेशी दाट करतात; बंद झालेल्या त्या छिद्रात जीवाणू वाढतात आणि दाह सुरू होतो. लारॉन सिंड्रोम या दुर्मिळ आनुवंशिक विकारात शरीरात आयजीएफ-१ फारच कमी असते. या लोकांना सहसा मुरुमे येत नाहीत, मात्र उपचार म्हणून आयजीएफ-१ दिले तर येऊ शकतात. एका संप्रेरकाचे महत्त्व निसर्गाने इतक्या स्वच्छपणे क्वचितच दाखवून दिले असेल.

आहाराने मुरुमे येत नाहीत, असे मात्र डॉक्टर अनेक दशके ठामपणे सांगत आले. त्यामागे १९६९ चा एक प्रयोग होता. ६५ जणांना काही आठवडे चॉकलेटच्या वड्या आणि तुलनेसाठी चॉकलेट नसलेल्या वड्या दिल्या गेल्या. फरक दिसला नाही. पण तुलनेच्या वडीतही साखर आणि मेद जवळपास तितकेच होते! या प्रयोगातून फार तर कोकोवरचा आरोप दूर होतो, साखरेवरचा नव्हे. पुढे २००२ मध्ये पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावरच्या १,२०० आणि पराग्वेतील आचे समाजाच्या ११५ लोकांच्या तपासणीत मुरुमांचा एकही रुग्ण आढळला नाही. कंदमुळे, फळे, मासे अशा आहाराकडे बोट दाखवण्याचा मोह होतो, परंतु या समाजांची जनुके, श्रम आणि सगळे जीवनच वेगळे आहे. म्हणून मला २००७ चा मेलबर्नमधील छोटा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. १५ ते २५ वर्षे वयाच्या ४३ मुलांपैकी काहींना बारा आठवडे, रक्तातील साखर संथपणे चढेल असा आहार दिला आणि त्यांची मुरुमे दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे अधिक कमी झाली. त्यांचे वजनही घटले होते, त्यामुळे श्रेय आहाराचे किती आणि वजनाचे किती हे त्यातून वेगळे काढता येत नाही. दुधाचा संबंध निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसतो, पण तो यापेक्षा कच्चा आहे.

सोरायसिसची कथा आणखी वेगळी. येथे प्रतिकारयंत्रणेतील टी पेशी इंटरल्युकिन-१७ सारखे संदेशरेणू सोडत राहतात आणि त्वचेच्या पेशींचे सुमारे महिनाभराचे चक्र काही दिवसांत उरकू लागते. त्यातून जाड, खवलेदार चट्टे तयार होतात. इंटरल्युकिन-१७ अडवणारी औषधे त्वचेवर उत्तम काम करतात. क्रोन्स रोगातही तेच औषध चालेल असे वाटून सेक्युकिनुमॅब या त्यांतल्या एका औषधाची चाचणी झाली, तेव्हा आतड्याचा दाह कमी होण्याऐवजी काहींमध्ये बळावला, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. त्वचेत घात करणारा हाच रेणू आतड्यात भिंतीची राखण करतो. दोन्ही अवयवांचे नाते इतके गुंतागुंतीचे असताना ‘दाह कमी करणारा आहार’ असे मोघम बोलणे मला पटत नाही. सोरायसिसमध्ये आहाराचा सर्वांत भरवशाचा उपयोग वजनावाटे होतो, कारण अतिरिक्त मेदपेशी स्वतःच दाहकारक रेणू सोडत असतात. डेन्मार्कमधील २०१३ च्या चाचणीत जादा वजनाच्या रुग्णांनी आठ आठवडे अत्यल्प उष्मांकांचा आहार घेतला. चट्ट्यांमधला फरक सांख्यिकीच्या कसोटीवर थोडक्यात कमी पडला, तरी रुग्णांचे रोजचे जगणे मात्र निश्चितपणे सुसह्य झाले. ग्लूटेन सोडण्याचा सल्ला २०१८ च्या अमेरिकी शिफारशींत फक्त अशाच रुग्णांना दिला आहे, ज्यांच्या रक्तात ग्लूटेनविषयक प्रतिपिंडे आढळतात.

लहान मुलांच्या अ‍ॅटोपिक एक्झिमात, म्हणजे कोरड्या, खाजऱ्या त्वचेच्या आजारात, तर वाट बऱ्याचदा उलट दिशेने जाते. अनेक रुग्णांमध्ये त्वचेला तटबंदी देणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाचे जनुक सदोष असते, हे २००६ मध्ये कळले. फाटक्या त्वचेतून अन्नाचे सूक्ष्म कण आत शिरले की प्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू समजायला शिकते. तेच अन्न तोंडावाटे आधी पोहोचले, तर आतडे प्रतिकारयंत्रणेला ते सहन करायला शिकवते. अ‍ॅलर्जीतज्ज्ञ गिडिऑन लॅक यांच्या या विचाराची कसोटी लंडनमधील चाचणीत लागली. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पूर्ण वर्ज्य केले. २०१५ मध्ये निष्कर्ष आले: पाचव्या वर्षी वर्ज्य गटात १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती, खाणाऱ्या गटात ३.२ टक्के. काळजीपोटी केलेले पथ्यच अ‍ॅलर्जीला वाट मोकळी करून देत होते. म्हणूनच एक्झिमा असलेल्या मुलाचे दूध, अंडी, गहू एकामागून एक बंद करणाऱ्या आईवडिलांना कळकळीने सांगावेसे वाटते की हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये. वाढ खुंटते आणि जो पदार्थ मूल आजवर सहन करत होते तोच पुन्हा सुरू केल्यावर तीव्र अ‍ॅलर्जी झाल्याची उदाहरणे आहेत.

प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जीवाणू असलेल्या, गोळ्यांबद्दल थोडक्यात. फिनलंडमधील २००१ च्या अभ्यासात लॅक्टोबॅसिलसच्या एका वाणाने दुसऱ्या वर्षापर्यंत एक्झिमाचे प्रमाण निम्म्यावर आणले होते. २००८ मध्ये जर्मनीत तोच वाण वापरला तेव्हा काहीच फायदा दिसला नाही. झालेला एक्झिमा बरा करण्यात या गोळ्यांचा उपयोग अत्यल्प किंवा शून्य, असा अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष आहे.

आहार बदलून पाहायचा असेल, तर एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला किमान दहा-बारा आठवडे द्यावेत, कारण त्वचेचा वरचा थर बदलायलाच महिना-सव्वा महिना लागतो. अनेक पदार्थांची एकदम ‘असहिष्णुता’ दाखवणाऱ्या, आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे मोजणाऱ्या रक्तचाचण्यांवर पैसे घालवू नयेत. ती प्रतिपिंडे तो पदार्थ आपण खाल्ला आहे एवढेच सांगतात. आणि कोपरांवर, गुडघ्यांवर खाजरे फोड पुन्हा पुन्हा येत असतील, तर ग्लूटेन सोडण्याआधी रक्ताची आणि त्वचेची तपासणी करून घ्यावी. आधीच सोडले, तर रक्तातील प्रतिपिंडे उतरतात, आतडे सावरते आणि चाचण्या निर्दोष येऊ शकतात. मग निदान पक्के करण्यासाठी ज्या अन्नाने त्रास होतो, तेच पुन्हा कित्येक आठवडे खाण्याची वेळ रुग्णावर येते.