यादीतलं नाव आणि हातातलं कार्ड

सकाळचे साडेआठ झाले असतील. मी पहिला मतदान अधिकारी होतो. समोर चिन्हांकित यादी, म्हणजे कोण मत देऊन गेलं याची खूण करायची मतदार यादी, ठेवलेली. मतदार आला की त्याचा अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचायचं, म्हणजे शेजारी बसलेले उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी आपापल्या यादीत खूण करतात. रांगेतून साठीच्या एक बाई पुढे आल्या. पदराला बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी सोडून त्यांनी मतदार ओळखपत्र काढलं आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं. कडा झिजलेल्या, फोटो तरुणपणीचा. मी यादी पाहिली, मग पुरवणी यादी पाहिली, नवऱ्याच्या नावावरून शोधलं. नाव नव्हतं.

"सर, कार्ड सरकारनंच दिलंय ना? मग?"

केंद्राध्यक्षांनाही काही करता आलं नाही. बाईंनी कार्ड पुन्हा पिशवीत घातलं, गाठ मारली आणि गेल्या. त्यांचं नाव का गेलं, हे त्या टेबलावर बसून मला कळणं शक्य नव्हतं. पण त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचं उत्तर प्रत्येक मतदाराला मतदानाच्या दिवसाआधीच माहीत असायला हवं, असं मला तेव्हापासून वाटतं.

उत्तर राज्यघटनेतच आहे. प्रौढ मताधिकाराचं कलम ३२६ नीट वाचलं तर त्यात मोठी नेमकी गोष्ट सापडते. भारताचा नागरिक असलेल्या, १८ वर्षं पूर्ण केलेल्या आणि कायद्यानं अपात्र न ठरलेल्या प्रत्येक व्यक्तीला मतदार म्हणून नोंदलं जाण्याचा हक्क असेल, असं ते कलम सांगतं. (आधी ही अट २१ वर्षांची होती, ६१व्या घटनादुरुस्तीनं ती १९८९ पासून १८ झाली.) म्हणजे घटनेनं आपल्या हाती दिलेली पहिली गोष्ट आहे ती यादीतली जागा. कलम ३२५ त्याला जोड देतं: एका मतदारसंघाची एकच सर्वसाधारण यादी, आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग यांमुळे कुणालाही तिच्याबाहेर ठेवता येणार नाही. पुढे लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ चं कलम ६२ सांगतं की ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या यादीत आहे त्याला तिथे मत देता येईल, ज्याचं नाही त्याला देता येणार नाही. तुरुंगात असलेल्यांसारखे काही अपवाद त्याच कलमात आहेत. कार्डाचा मात्र या तिन्ही कलमांत उल्लेखही नाही.

कार्ड येतं १९६०च्या मतदार नोंदणी नियमांतून, आणि प्रत्यक्षात छायाचित्रासह घरोघरी पोचू लागलं ते १९९३ नंतर, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना. दुसऱ्याच्या नावावर कुणी मत टाकून जाऊ नये, एवढ्यासाठी ते आहे. समोर उभी असलेली व्यक्ती आणि यादीतलं नाव एकच आहेत, इतकंच ते सिद्ध करतं. त्याआधीची चार दशकं देशानं या कार्डाशिवाय मतदान केलं. यादीशिवाय मात्र एकदाही नाही.

यादीत नाव नसण्याचा अर्थ काय, हे पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीनं, १९५१-५२ साली, दाखवून दिलं होतं. नोंदणीला आलेल्या माणसापुढे उत्तरेकडच्या राज्यांतल्या असंख्य बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगानं ठाम भूमिका घेतली की मतदाराची नोंद त्याच्या स्वतःच्या नावानंच होईल. त्यामुळे सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. पात्रता होती, नागरिकत्व होतं, मत नव्हतं. ती भूमिका योग्य होती असं मला वाटतं, कारण पुढच्या निवडणुकीपासून त्या बायका स्वतःच्या नावानं मतदार झाल्या. पण त्या पहिल्या वेळी गेलेलं मत काही परत आलं नाही.

आता उलट बाजू. यादीत नाव आहे आणि कार्ड घरी राहिलं, हरवलं किंवा कधी आलंच नाही, तर मत जात नाही. आधार कार्ड, वाहन परवाना, पॅन कार्ड, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड अशी आयोगानं ठरवलेली इतर ओळखपत्रं चालतात. कार्ड जुन्या पत्त्यावरचं, दुसऱ्याच मतदारसंघातलं असलं तरी चालतं, फक्त इथल्या यादीत नाव हवं. घरी येणारी मतदार माहिती चिठ्ठी मात्र २०१९ पासून एकटी ओळखपत्र म्हणून चालत नाही. ती फक्त अनुक्रमांक शोधायला उपयोगी. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांचं उदाहरण तर सगळ्यांत बोलकं आहे. दुबईत नोकरी करणारा पुण्याचा मुलगा नमुना ६अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्यावर नाव नोंदवू शकतो. त्याला मतदार कार्ड दिलंच जात नाही. मूळ पासपोर्ट घेऊन केंद्रावर आला की त्याचं मत होतं.

आपल्याकडे हा गोंधळ आणखी वाढतो तो विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात. विधानसभेला मत दिलं, कार्ड आहे, पदवीही आहे, मग झालं, असं लोक धरून चालतात. पण ही यादीच वेगळी. ती दर निवडणुकीआधी नव्यानं तयार होते आणि मागच्या वेळी नाव होतं तरी नमुना १८ पुन्हा भरावा लागतो. महापालिका आणि जिल्हा परिषदेचं तसं नाही; तिथे विधानसभेचीच यादी प्रभाग किंवा गटाप्रमाणे फोडून वापरतात.

नाव दोन ठिकाणी असणं हीसुद्धा आपली जुनी सवय. गावाकडे घर आहे, गणपतीला जातो, म्हणून तिथेही नाव ठेवायचं आणि मुंबईतही. कायदा एकाच ठिकाणची नोंद मानतो, आणि नुसतं घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. नोंदणी करताना खोटं निवेदन केलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. घर बदललं की नमुना ८ भरून नाव हलवायचं, हा सरळ मार्ग आहे.

नाव कापलं जात असेल तर मतदार अगदीच हतबल नसतो. लाल बाबू हुसेन खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आधीपासून यादीत असलेलं नाव पडताळणी होऊनच आलेलं असणार, असं गृहीत धरायला हवं. ते काढायचं तर नोटीस द्यावी लागेल, म्हणणं ऐकावं लागेल. २०२५ मध्ये बिहारमधल्या विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे मतदार यादीच्या फेरतपासणीत, प्रारूप (कच्च्या) यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर राहिली, तेव्हा त्याच न्यायालयानं ती नावं कारणांसह जाहीर करायला लावली, आणि कार्डावरचा क्रमांक टाकून ती शोधता यावीत असंही सांगितलं. कार्डाचा हा उपयोग मला फार मोलाचा वाटतो: गेलेलं नाव शोधायला ते कामी येतं.

आणि नाव यादीत आहे, पण तुमच्या आधीच कुणी तुमच्या नावानं मत देऊन गेलं असेल, तर परत फिरू नका. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागा. ती यंत्रात जात नाही, वेगळ्या पाकिटात बंद होते आणि एरवीच्या मोजणीत धरली जात नाही. पण निकाल न्यायालयात गेला तर ते पाकीट उघडता येतं.

त्या बाईंना मी केंद्राबाहेर बसलेल्या बीएलओकडे, म्हणजे त्या केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, पाठवलं होतं. त्या दिवसापुरता तिथेही इलाज नव्हता, कारण उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की यादीत नवं नाव घालता येत नाही. त्यांना नव्यानं नाव नोंदवायचा अर्ज, नमुना ६, तेवढा मिळाला, तो त्यांनी घडी घालून त्याच पिशवीत, कार्डाला लागून ठेवला.