तुरा कोणाचा, मान कोणाची

माझी आत्या गोराई गावात राहते. बोरिवलीहून खाडी ओलांडली की दहा मिनिटांत मुंबईचा आवाज मागे पडतो आणि सकाळी गजराऐवजी कोंबडं आरवतं. गेल्या दिवाळीच्या सुमारास तिची तपकिरी कोंबडी खुडूक झाली. आत्याने तिला बारा अंड्यांवर बसवलं. एकविसाव्या दिवशी दहा पिल्लं निघाली. एक घारीने नेलं, नऊ वाढली. दीड-दोन महिन्यांनी आत्याचा फोन आला, "अरे, दोन पिल्लांच्या मानेवर पिसंच येत नाहीत. रोगबिग आला की काय?"

रोग नव्हता. ती उघड्या मानेची पिल्लं होती. प्रश्न एवढाच होता की ती आली कुठून, कारण आईची मान पिसांनी भरलेली आणि आत्याच्या कोंबड्याचीही.

मुंबईकरांच्या लेखी कोंबड्यांच्या जाती दोनच: बॉयलर आणि गावठी. पण 'गावठी' ही जात नाही. पिढ्यानपिढ्या जे जे पक्षी त्या परसातून, शेजारच्या परसातून, कुणीतरी सासरहून आणलेल्या डालग्यातून आले, त्या सगळ्यांची ती सरमिसळ. म्हणून एखाद्या पक्ष्याकडे बघून "हा अमुक जातीचा दिसतो" म्हणणं जवळजवळ नेहमी चुकतं. संपूर्ण पक्षी बघायचाच नाही. तुरा वेगळा वाचायचा, मान वेगळी, पाय वेगळे. यातल्या प्रत्येक गोष्टीमागचं जनुक वेगळं आहे आणि ते आपापल्या वाटेने पुढच्या पिढीत जातं.

मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम वाटाण्यापुरते नाहीत, प्राण्यांनाही लागू आहेत, हे दाखवायला ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी 1902 मध्ये कोंबड्याच वापरल्या होत्या. त्यांचा आवडता अवयव तुरा. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो उभा, करवतीच्या दात्यांसारखा एकेरी तुरा. दुसरा वाटाणा तुरा: बुटका, तीन समांतर ओळींचा, झुंजीच्या असील जातीच्या कोंबड्याच्या डोक्यावर असतो तो. तिसरा गुलाब तुरा: पसरट, खडबडीत, मागे टोक निघालेला. वाटाणा आणि गुलाब हे दोन्ही प्रकार एकेरीवर प्रभावी आहेत. आईबापांपैकी एकाकडून जरी जनुक आलं तरी ते डोक्यावर दिसतं. दोन्ही एकत्र आले तर तिसरंच काही उगवतं, अक्रोडाच्या गरासारखा सुरकुतलेला गोळा. दोन अक्रोड तुऱ्यांच्या अशा संकरित पक्ष्यांची जोडी लावली की पिल्लांत अक्रोड, गुलाब, वाटाणा आणि एकेरी हे प्रकार साधारण 9:3:3:1 या प्रमाणात निघतात. आजी-आजोबांचा एकेरी तुरा मधली पिढी लपून राहून नातवाच्या डोक्यावर परत येतो.

उघडी मानही प्रभावी, पण अंशतः. जनुकाच्या दोन प्रती असतील तर मान जवळजवळ पूर्ण बोडकी, एकच असेल तर मानेच्या पुढच्या बाजूला, खाली, पिसांचा एक झुपका राहतो. बो-टाय लावल्यासारखा. हे जनुक अंगावरची पिसंही कमी करतं, एका प्रतीने साधारण 20 टक्के, दोन प्रतींनी 40 टक्क्यांपर्यंत. त्यामुळे उकाड्यात या पक्ष्यांना बरं पडतं. आत्याला मात्र त्यांचं रूप बघवत नव्हतं.

रविवारी गेलो, एकेक पिल्लू हातात घेऊन पाहिलं. दोन्ही बोडक्या मानांवर झुपका होता. म्हणजे एकच प्रत, एकाच पालकाकडून. प्रभावी गुण हवेतून येत नाही, आईबापांपैकी कोणात तरी तो दिसलाच पाहिजे. आईत नाही, आत्याच्या कोंबड्यात नाही. मग तिसरा कोण? उत्तर कुंपणापलीकडे उकिरडा उकरत होतं. शेजाऱ्यांचा काळा-पांढरा पट्टेरी कोंबडा, एकेरी तुरा, मान बोडकी, पुढे झुपका.

"पण आपला कोंबडा चोवीस तास हिच्या मागे असतो," आत्या म्हणाली. असेल. पण कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्राणू साठवून ठेवणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि तिथे ते दोन-तीन आठवडे जिवंत राहतात. त्यामुळे एकाच वेळी उबवलेल्या अंड्यांचे बाप वेगवेगळे असू शकतात. कुंपणावरून एकदा मारलेली उडी पुरते.

मग नऊ पिल्लांची वाटणी सुरू झाली. आत्याचा कोंबडा असील म्हणून घेतलेला, वाटाणा तुऱ्याचा. आईचा तुरा एकेरी, शेजाऱ्याचाही एकेरी. म्हणजे वाटाणा तुरा देणारा बाप एकच, आत्याचा. चार पिल्लांना वाटाणा तुरा होता, ती निःसंशय त्याची. बोडक्या मानेची दोन शेजाऱ्याची. उरली तीन, एकेरी तुरा आणि भरलेली मान. त्यातलं एक पट्टेरी होतं. पिसांवर आडवे पट्टे पाडणारं जनुकही प्रभावी आहे आणि आई आणि दोन कोंबडे या तिघांत ते फक्त शेजाऱ्याच्या कोंबड्यात दिसत होतं. म्हणजे तेही शेजाऱ्याचंच.

शेवटच्या दोघांचा निकाल लागेना. शेजाऱ्याच्या कोंबड्यात उघड्या मानेची एकच प्रत आहे, म्हणजे त्याची निम्मी पिल्लं भरल्या मानेचीच निघणार. उलट आत्याचा कोंबडा पोटात एकेरी तुरा लपवून बसला असेल, तर ही दोघं त्याचीही असतील. एखादा प्रभावी गुण दिसला की तो देणारा पक्षी सापडतो, पण तो दिसला नाही म्हणून कोणाला सोडता येत नाही आणि पकडताही येत नाही. फोनवर फोटो पाठवून "ही कुठली ब्रीड?" विचारणाऱ्यांना मी हे सांगतो तेव्हा ते नाराज होतात.

पट्ट्यांच्या जनुकाची आणखी एक गंमत आहे. ते झेड नावाच्या लिंग गुणसूत्रावर असतं. पक्ष्यांत माणसाच्या उलट असतं: नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. पट्टेरी कोंबडीचा झेड फक्त मुलांकडे जातो. म्हणून काळा कोंबडा आणि पट्टेरी कोंबडी अशी जोडी लावली, तर अंड्यातून बाहेर येताच नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो, मादीच्या नाही. आत्याला ही युक्ती बाकी सगळ्या विज्ञानापेक्षा जास्त आवडली. कोंबडा कोण आणि तलंग कोण हे पहिल्याच दिवशी कळलं तर गटारीचा हिशोब आधीच लावता येतो.

मग पाय. पिवळे पाय ही अप्रभावी गोष्ट, दोन्ही पालकांकडून एकेक प्रत यावी लागते. कातडीत कॅरोटिनॉइड नावाची पिवळी रंगद्रव्यं मोडणारं एक जनुक या पक्ष्यांत मंद पडलेलं असतं, म्हणून मक्यातला पिवळेपणा पायांत साठतो. अंडी घालायला लागली की तोच रंग बलकाकडे वळतो आणि पाय फिके पडतात. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा असला, तरी पिवळ्या कातडीचं हे जनुक राखी रानकोंबड्याकडून आलंय, असं 2008 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतलाच. पिवळ्या तंगडीच्या बॉयलरमध्येही त्याचा एवढा तुकडा आहे.

पायांच्या कातडीत खोलवर काळं रंगद्रव्य असेल तर हिशोब बदलतो. पिवळ्या कातडीखाली काळं असलं की पाय हिरवट दिसतात, पांढऱ्या कातडीखाली असलं की पाटीसारखे निळसर.

इथेच काळ्या मांसाच्या कडकनाथ जातीचा घोळ होतो. आत्याने मागे एकाकडून चढ्या भावाने 'कडकनाथची जोडी' घेतली होती. पिसं काळीभोर, तुरा लालबुंद. काळी पिसं आणि काळं मांस यांची जनुकं निराळी आहेत. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथचं वैशिष्ट्य (तिथल्या काळ्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं) पिसांत नाही, कातडीत, जिभेत, हाडांवरच्या आवरणात आहे. चोच उघडून आत बघायचं. काळ्या मांसाचं जनुक प्रभावी असलं तरी दुसरं एक जनुक, तेही झेडवरचं, त्या काळेपणाला आवर घालतं. म्हणून कडकनाथ कोंबडा आणि फिक्या पायांची कोंबडी यांच्या मुली सावळ्या निघतात, मुलगे बरेच उजळ. जोडी उलटी लावली, म्हणजे आई कडकनाथ आणि बापाकडे आवर घालणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती, तर सगळीच उजळ. आत्याच्या जोडीच्या तोंडात गुलाबी जीभ होती. आणि हो, कडकनाथची अंडी काळी नसतात, फिकी तपकिरी असतात.

उरलेल्या दोन पिल्लांचा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. 'असील' शब्दाचं मूळ अरबी, आपल्या 'अस्सल'चा तो भाऊ. आत्याचा असील निदान तुऱ्यापुरता तरी अस्सल आहे का, हे तपासता येतं. तपकिरी कोंबडी आता जाळी लावलेल्या खुराड्यात एकट्या त्याच्यासोबत आहे. पहिल्या तीन आठवड्यांची अंडी आम्ही ऑम्लेटमध्ये घातली, तोवर शेजाऱ्याचा साठा संपला. त्यापुढची आठ अंडी उबवायला ठेवली आहेत. कोंबडा लपवाछपवी करणारा असेल तर प्रत्येक पिल्लाचा तुरा एकेरी निघायची शक्यता निम्मी. एक जरी एकेरी निघालं तर त्याचं गुपित फुटलं. आठही निघाली आणि सगळी वाटाणा तुऱ्याची असली, तर तो तरीही लपवत असण्याची शक्यता फार कमी: तसा कोंबडा 256 वेळांत एकदाच असा निसटेल.

आत्याने खुराड्याच्या दारावर खडूने तारीख लिहून ठेवली आहे. शेजारीण रोज कुंपणापाशी येऊन विचारते, "आमची किती?"