चेक बाउन्सचा खटला : दिग्रस-भंडाऱ्यातून दिल्लीपर्यंत

नागपूरच्या इतवारीत किंवा गांधीबागेत उधारीवर माल देणारा व्यापारी, चेक न वटता परत आला की म्हणतो, "एकशे अडतीस लावतो." या इशाऱ्याला वजन आलं ते १ एप्रिल १९८९ पासून. चेकचा मूळ कायदा, परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चा. पण त्यात चेक न वटणं हा शंभर वर्षं गुन्हाच नव्हता. एक तर दिवाणी दावा लावा, नाहीतर ४२० कलमाखाली फसवणुकीची तक्रार करा. तिथे देणाऱ्याच्या मनात पहिल्यापासूनच खोट होती हे सिद्ध करावं लागे, आणि ते फार कठीण.

१९८८ च्या दुरुस्तीने चेक न वटणं हा गुन्हा ठरवणारं कलम १३८ आणलं. सोबतच्या १३९ नुसार चेक एखादं देणं फेडण्यासाठीच दिला होता असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे आरोपीने दाखवायचं. विश्वासावर हातउसने देणाऱ्या माणसाला हा खरा आधार. २००२ च्या दुरुस्तीने कैदेची कमाल मर्यादा एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली आणि लेखी नोटीस पाठवायची मुदत १५ वरून ३० दिवस केली. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे दिले, तर गुन्हा होत नाही.

खटला कुठल्या गावी चालवायचा, हा वाद मात्र चिघळला. १९९९ च्या एका निकालामुळे धनकोला पाच ठिकाणांतून निवड करता येई. नोटीस जिथून धाडली ते गावही त्यात होतं. त्यामुळे ऋणकोला दूरच्या कोर्टात खेचणं सोपं झालं. मग आपल्या विदर्भातलंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. चेक बँक ऑफ इंडियाच्या भंडारा शाखेचा, तक्रारदार वाशीम जिल्ह्यातला, आणि तक्रार यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसला, कारण त्याचं खातं तिथे. दिग्रसच्या न्यायालयाला अधिकार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ठरवलं होतं. १ ऑगस्ट २०१४ रोजी दिल्लीत तेच कायम झालं : चेक ज्या शाखेवर काढला, खटला तिथेच. पुरावा नोंदवणं सुरू न झालेल्या तक्रारी देशभर परत करण्यात आल्या.

माझ्या मते हा निकाल कायद्याच्या दृष्टीने नीट होता, पण ज्याचे पैसे बुडाले त्यालाच हेलपाटे पडले. गडचिरोलीच्या दुकानदाराने तिथल्या बँकेचा चेक दिला, तर इतवारीच्या व्यापाऱ्याने तारखांना गडचिरोली गाठायची. जून २०१५ मध्ये सरकारने वटहुकूम काढला, डिसेंबरात कायदा केला. आता खात्यात भरलेला चेक परत आला, तर चेक मिळालेल्याचं खातं ज्या शाखेत, तिथल्या न्यायालयात खटला चालतो.

ठिकाण ठरलं, तरी तारखा संपत नाहीत. २०१९ अखेर देशातल्या २.३१ कोटी प्रलंबित फौजदारी प्रकरणांपैकी ३५.१६ लाख याच कलमाखालची होती. १ सप्टेंबर २०१८ पासून न्यायालय खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देववू शकतं. सप्टेंबर २०२२ पासून प्रायोगिक विशेष न्यायालयांसाठी निवडलेल्या पाच राज्यांत महाराष्ट्रही होता.